हाताचे किती मिळतील

माझ्या पायाच्या अपघाताची केस ठाण्याच्या कोर्टात तीन वर्षं चालली, तेव्हा आमच्या वकिलांच्या कारकुनाशी ओळख झाली. 'किती मिळतील?' असं कुणीही विचारलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून थकल्या आवाजात म्हणायचे, "वय सांगा, पगार सांगा, अपंगत्वाचा दाखला दाखवा. मग अंदाज सांगतो."

एकदा कोपरची एक बाई आली. टेम्पोच्या धडकेत तिचा उजवा हात निकामी झालेला.

"पगार कसला, चार घरी पोळ्या करायचे," ती म्हणाली.

पुराव्याशिवाय तिची कमाई कमीच धरली जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी ते स्वतः कोपरला गेले आणि चारही घरांकडून, ती महिन्याला किती कमवायची, ते लिहून घेऊन आले. एका घरी नकार मिळाला होता, तिथे ते तीनदा गेले.

निकालात वकिलांच्या अंदाजापेक्षा जास्त रक्कम मंजूर झाली.

"काका, चांगले मिळाले ना?" बाईने विचारलं.

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "कायद्याने मिळायचे तेवढे मिळाले, ताई," ते म्हणाले. 'चांगले' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.