मौलाची घोडी आणि पाण्यातले ढग

मौला टांगेवाला सिद्धेश्वराच्या तळ्यावर घोडीला पाजण्याआधी स्वतः वाकून पाण्यात बघायचा. आत पांढरे ढग संथ तरंगत असायचे. चाबकाच्या काठीनं पाणी ढवळून तो ते मोडायचा, मगच घोडीला पुढं सोडायचा. शाळेची घंटा व्हायची वेळ, टांग्यात बसून माझं डोकं फिरायचं.

"मास्तर, तुमी समुद्र बघितला न्हाय," तो म्हणायचा.

तरुणपणी तो रत्नागिरीला एका साहेबाचे घोडे सांभाळणारा मोतद्दार होता. तिथं लाटांत उतरलेल्या घोड्याला जेलीफिश डसली. काचेच्या छत्रीसारखी, पाण्यात ढगावानी तरंगणारी, लई देखणी. घोड्याचा श्वास अडखळला, हिरड्या जांभळ्या पडल्या. विषानं श्वास कोंडला, रक्ताला हवा मिळेना, असं डॉक्टर म्हणाला. मौलाच्या मांडीवरच घोडा गेला.

"अरे, पण तळ्यात कुठून येणार जेलीफिश?" मी ओरडायचो. तो घोडीचा ओठ उचलून गुलाबी हिरडी बघायचा आणि हसायचा.

मौला वारल्यावर त्याच्या बायकोनं, चांदबीनं, घोडी तळ्यावर आणली. मी सोबत होतो. घोडी पाणी पिईना, ढगांकडं बघत नुसती उभी. शेवटी मीच वाकलो, काठीनं ढग मोडले. घोडी पोटभर प्यायली.

मग मी तिचा ओठ उचलून बघितला.