स्वयंपाकघराकडची जाळी
चुलीवर मातीचं खापर तापल्याचा वास आला की मला त्यावरच्या पुरणाच्या मांड्यांआधी ऑलिम्पिकचं बास्केटबॉल आठवतं. धुळ्याला सासरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पुरुषांचा सामना लागला होता आणि धाकट्या दिराशी माझी पैज लागली होती. माझा संघ जिंकला तर सासूबाईंना पटवून तो मला राखीला पाचोऱ्याला माहेरी पोचवणार; हरला तर त्याच्या मित्रमंडळाला मी मांडे करून घालायचे. पण खेळाडू सगळेच ताडासारखे आणि सगळेच करडे, ओळखायचे कसे? मी बाई हुशार! पडद्यावर स्वयंपाकघराकडच्या बाजूला दिसणाऱ्या जाळीत चेंडू टाकतील ते माझे, असं ठरवून टाकलं. मध्यंतरात चहा करून आले आणि पुन्हा त्याच जाळीकडे बघून टाळ्या पिटू लागले. दीर पोट धरून हसला, "वहिनी, त्यासनी बाजू बदली शे! तुम्ही मना संघले टाळ्या वाजाडी राहिनात!" शेवटी जिंकला माझाच संघ, पण दीर म्हणे, पैज मोडली. तेव्हा सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "सूनबाई दोन्हीकडथून ओरडनी, म्हणजे जितनी बी नि हारनी बी." मग काय, आधी मांडे केले आणि त्याच दिरासोबत एसटीने माहेर गाठलं. आता नातवाच्या बास्केटबॉलच्या मॅचला जाते, पण मध्यंतर झालं की शेजारी बसलेली त्याच्याच संघाकडची बाई टाळी वाजवेपर्यंत मी हात पदराखालून काढत नाही.