बंबाच्या शिडीची नळी

आमचे हे नळी शोधत होते आणि इकडे त्यांच्या थोरल्या भावाची नजर जात होती. आधी काय संपतंय याची धाकधूक मला रोज होती. यांना मात्र फक्त माप दिसत होतं.

थोरले दीर, म्हणजे दादा, जन्मभर आगीच्या बंबावर ड्रायव्हर होते. काचबिंदूने एक डोळा आधीच नेला होता, आता दुसराही कडेकडेने विझत चालला होता. "आहे तेवढं जपा," एवढंच डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर दादा यांना म्हणाले, "एवढी खेळणी करतोस, तर माझा बंब कर की. शिडी वर जाताना एकदा बघू दे. मी कायम खाली, पंपाच्या काट्यावर डोळा ठेवून. वर बघायला फुरसत कुणाला होती?"

हे खऱ्या गाड्यांच्या मापात बसणाऱ्या छोट्या प्रतिकृती करतात, त्यांना खेळणी म्हटलेलं यांना झोंबतं. पण भावाने मागितलं म्हणून लगेच कामाला लागले.

खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शातला बंब भराभर उभा राहिला. चाकं झाली, दारं झाली, लाल रंग चढला. घोडं अडलं ते शिडी उचलणाऱ्या दट्ट्यापाशी. तिथे पितळेच्या एका नळीत दुसरी सरकायला हवी. बाहेरची पाच मिलिमीटरची, आतली चारची. हार्डवेअरवाल्याकडे दोन्ही होत्या, पण पाचच्या नळीची जाडी अर्धा मिलिमीटर. दोन्ही बाजूंचा मिळून एक गेला, पोकळी उरली बरोबर चार. चारच्या पोकळीत चारची नळी सरकत नाही. यांना पाचचीच, पण जाडीला केसभर पातळ नळी हवी होती.

"आतली जरा घासा की," मी म्हटलं.

"मग ती चारची राहील का?"

"दादा काय मापायला कॅलिपर घेऊन बसणार आहेत?"

"मी बसलोय ना!"

मी जुन्या रेडिओची एरियल उपटून पुढे ठेवली. नळीत नळी, आयती. यांनी मापली आणि बाजूला सारली. फ्रिजवाला झाला, घड्याळवाला झाला, बँडची वाद्यं दुरुस्त करणारा झाला. खिशात ती चारची नळी घेऊन हे दारोदार फिरायचे, लावून बघायचे आणि तोंड पाडून परत यायचे. शेवटी परगावच्या एका व्यापाऱ्याकडून मागवली.

एका सकाळी दादांनी चहा बशीच्या बाहेर ओतला. "बशी सरकली वाटतं," म्हणाले. मी टेबल पुसलं आणि स्वयंपाकघरात यांना गाठलं.

"अहो, दोरा बांधा, खळ लावा, काहीही करा, पण ती शिडी वर करा!"

"पार्सल निघालंय."

कॅलिपर उचलून खिडकीबाहेर भिरकावावा इतका संताप आला मला.

पार्सल आलं. खोटं का बोलू, नळी सुरेख होती. आतली वर धरून सोडली की हळूच आपल्या वजनाने खाली उतरायची. यांनी दट्ट्या बसवला, जोडाला रंगाचा शेवटचा हात दिला आणि बंब खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले.

"दादा, बघ हं," म्हणत हे वाकले आणि शिडी वर चढवणारी किल्ली फिरवायला गेले. किल्ली हलेना. रंग जोडात उतरून वाळला होता. हे नखाने खरवडू लागले. माझा जीव टांगणीला लागला.

"वा!" दादा म्हणाले. त्यांची मान हळूहळू वर गेली, चेहरा खुलला. "काय सरळ गेली रे!"

शिडी बंबाच्या पाठीवर आडवीच होती.

मी यांच्याकडे बघितलं. केसभर चूक कधी खपवून न घेणारा हा माणूस.

"पूर्ण वर गेली, दादा. अगदी टोकापर्यंत."

"थोडा वेळ तशीच राहू दे."

"राहू देतो," हे म्हणाले आणि किल्लीवरचा हात काढून घेतला.