मिसजींचा दुसरा हातमोजा

हाती घेतलेली कुठलीही गोष्ट शेवटास न नेता, आणि त्याबद्दल तिळमात्र खंत न बाळगता, अख्खं आयुष्य थाटात जगलेलं एकच माणूस मी पाहिलं आहे. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या या बाईंना सगळे मिसजी म्हणत. 'आंटीजी' म्हणणाऱ्याकडे त्या वळूनही बघत नसत. नवी नवी राहायला आले तेव्हा मी शेजारधर्म म्हणून 'मावशी' म्हटलं, तर म्हणाल्या, "मावशी म्हणशील तर भाजी आणून द्यावी लागेल, पायही चेपावे लागतील. मिस म्हण, स्वस्तात सुटशील." त्या 'मिस'ला दिल्लीचा 'जी' आमच्या वॉचमनने जोडला आणि तो त्यांनी चालवून घेतला. पंचाहत्तरी केव्हाच उलटली होती, पण लिफ्टमध्ये त्या अशा शिरत की आत आधीपासून उभ्या असलेल्या माणसांना आपण तिकीट काढून आलो आहोत असं वाटायचं.

त्यांचा चहा मी सुरुवातीला फार मनावर घ्यायचे. आलं घालून, दूध आटवून, जीव ओतून चहा करावा आणि बाईंनी शेवटचा घोट कपात ठेवून उठावं. मला वाटायचं, साखर चुकली. मग कळलं की त्या जेवणातही शेवटचा घास ठेवतात, सिनेमाला गेल्या की शेवट जवळ आला असं वाटताच पर्स उचलतात आणि लग्नात तर अक्षता पडायच्या आत रिक्षात बसलेल्या असतात. फोनवर 'ठेवते' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. आपण अजून बोलत असायचो आणि पलीकडे कोणी नसायचं. गणपतीच्या दिवसांत आमच्या मराठी मंडळात यायच्या, सगळ्यांशी हसून बोलायच्या आणि आरतीचं तबक दिसलं की अदृश्य व्हायच्या. एका हिवाळ्यात त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. रंग सुंदर, वीण सुंदर, आणि बाही एकच. दुसरीची वाट बघून बघून नवऱ्याने एक थंडी तो तसाच शालीखाली घातला, मग मी करोल बागेतल्या एका शिंप्याकडून ती एकुलती बाही कापून घेतली आणि स्वेटर बिनबाह्यांचा केला. मिसजींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अच्छा, हे बरं केलंस."

सगळ्यात छळ असायचा तो गोष्टींचा. एक मंत्री खोटी मिशी लावून त्यांचा कार्यक्रम बघायला यायचा. एक दिवस ती मिशी सुपाच्या बाऊलमध्ये पडली. सगळ्या टेबलांवर शांतता. मंत्र्याने बोटाने मिसजींना जवळ बोलावलं. "आणि मग माझ्या कानात काय म्हणाला, माहितीये?" इतकं सांगून बाई उठायच्या, चपला घालायच्या आणि जिना उतरायला लागायच्या. मी कठड्यावरून ओरडून विचारलं तरी उत्तर नाही. तो मंत्री काय म्हणाला असेल यावर मी आणि नवऱ्याने कित्येक रविवार घालवले आहेत.

मंत्री यायचा तो कॅबरे बघायला. एके काळी कनॉट प्लेसच्या एका हॉटेलात जेवणाबरोबर कॅबरे असायचा आणि मिसजी त्या कॅबरेच्या राणी होत्या. मेरठहून माणसं गाड्या करून यायची म्हणे. जाहिरातीत त्या कधी बेरुतच्या असत, कधी हवानाच्या. मॅनेजर बदलला की त्यांचा देश बदलायचा. मुळात त्या कऱ्हाडकडच्या, एका शाळामास्तरांची मुलगी. नेमका बेरुतचाच एक व्यापारी एकदा पुढच्या टेबलावर निघाला आणि उठून मायभाषेत बोलायला लागला. मिसजींनी न डगमगता, नाकातून आवाज काढत, त्याला एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि मॅनेजरला म्हणाला, आमच्या डोंगराकडची माणसं अगदी अशीच बोलतात. वडिलांच्या छडीखाली पाठ केलेला पाढा असा कामी आला याचा बाईंना फार अभिमान होता. वडिलांना मात्र मुलगी दिल्लीत सरकारी ऑफिसात टायपिस्ट आहे एवढंच माहीत होतं.

शेवटचा घोट ठेवण्याचं मूळ मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं. त्या दिवशी भांडीवाली आली नव्हती आणि मिसजी हट्टाने माझे पिवळे रबरी हातमोजे चढवून सिंकपाशी उभ्या राहिल्या. भांडी झाल्यावर त्या वळल्या, ओट्याला टेकल्या आणि उजव्या हाताचा मोजा काढायला लागल्या. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मान किंचित तिरपी, नजर समोरच्या मिक्सरवर. भांड्याच्या साबणाचा वास येणारा तो रबरी मोजा, पण मला श्वास घ्यायचं सुचेना. नवरा बाटलीत पाणी भरायला आला होता. बाटली भरली, वाहिली, त्याच्या पायावर पाणी पडलं तरी नळ चालूच.

"बघ, पहिला ग्लव्ह असा जातो," मिसजी म्हणाल्या. "पूर्ण गाणं लावून, बोटाबोटाने. दुसरा फक्त मनगटापर्यंत आणायचा, आणि लाईट बंद. मध्ये आणखी काय काय व्हायचं ते तुझ्या नवऱ्यासमोर सांगत नाही, त्याचे पाय आधीच ओले झालेत. पण दुसरा ग्लव्ह दिल्लीत कोणीही उतरलेला पाहिलेला नाही. सगळं देऊन टाकलंस ना, तर माणूस टॅक्सीत बसेपर्यंत विसरतो. थोडं ठेवलंस की घरी घेऊन जातो."

हसत हसत हे सांगणाऱ्या बाईंचं हसू एकाएकी ओसरलं. दुसरा मोजा तसाच हातात घालून खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांनी बघितलं गं. पंजाबी, बंगाली, गोरे, अरब. आपल्या माणसांनी तेवढं एकदाही नाही. वडील गेले ते टायपिस्टचे वडील म्हणून गेले. मला एकदा मराठी माणसांसमोर करायचंय. अंगभर पैठणी नेसेन. फक्त एक ग्लव्ह उतरवीन, एका गाण्यात. नाही आवडलं तर नाही म्हणा, यार, पण आधी बघा तरी."

त्यांनी आपण होऊन कोणाकडे काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांचा निरोप मी मंडळाच्या अध्यक्षांना पोचवला. "बिल्कुल, बिल्कुल, कमिटीत ठेवतो," अध्यक्ष म्हणाले. इकडे आमच्या दिवाणखान्यात तालीम सुरू झाली. सोफा भिंतीला लागला. गुडघ्याला बाम चोळून मिसजी गिरकी घ्यायच्या, अर्ध्यात थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथे पूर्वी पूर्ण होती." काळ्या साटिनचे, कोपराच्याही वर जाणारे हातमोजे त्यांनी पेटीतून काढून उन्हात घातले होते. नवऱ्याकडे गाणं वाजवायचं काम होतं. तो ते इतक्या गंभीरपणे करायचा की ऑफिसातून घरी यायला त्याने कधी नव्हे ती लवकरची मेट्रो धरायला सुरुवात केली.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. मंडळात कोणालाही 'नाही' म्हणत नाहीत. नाही म्हणायचं असलं की सत्कार करतात. एका गृहस्थांना स्वतः लिहिलेलं पाच अंकी नाटक वाचायचं होतं, त्यांना शाल मिळाली. एका काकूंना सूत्रसंचालन करायचं होतं, त्यांना मानचिन्ह मिळालं. कमिटीत मिसजींचा विषय निघाला तेव्हा काय झालं ते मला पुढे मेश्रामताईंनी सांगितलं. मेश्रामताई नागपूरच्या, इथे एका केंद्रीय मंत्रालयात नोकरीला, कमिटीतल्या एकट्या स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या होत्या, "नाचू द्या ना त्यांना. काम केलंय त्यांनी, चोरी नाही केली." बाकीचे म्हणाले, मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, गणपतीसमोर बरं दिसत नाही. अध्यक्ष वाईट माणूस नव्हेत. त्यांना बाईंचा अपमान करायचा नव्हता, म्हणून त्यांनी सन्मान करायचं ठरवलं. हे बाईंना सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि सांगताना एवढंच सांगितलं, "मिसजी, आपका कार्यक्रम पक्का, आरतीच्या आधी."

गणपतीतल्या त्या संध्याकाळी मिसजी हिरवी पैठणी नेसून आल्या. वर ते काळे हातमोजे. इतकं विचित्र आणि इतकं शोभून दिसणारं मी पुन्हा काही पाहिलेलं नाही. नवरा फोनवर गाणं लावून स्पीकरपाशी तयार. पडद्याआड बाईंनी माझा हात धरला होता, आणि साटिनमधूनही तो थंड लागत होता. "सगळे आपलेच आहेत ना गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे आपलेच.

आणि माईकवरून अध्यक्षांचा आवाज आला. "ज्येष्ठ कथक नृत्यांगना, शास्त्रीय नृत्याच्या साधिका, यांचा आज आपण हृद्य सत्कार करत आहोत." मिसजी स्टेजवर गेल्या. खुर्च्या भरलेल्या, चेहरे आदराने जड झालेले. त्यांच्या खांद्यावर शाल आली. उजव्या हातात श्रीफळ आलं, डाव्या हातात गुच्छ, आणि गुच्छावर मानचिन्ह. आयुष्यभर ज्यांनी एकेक वस्तू अंगावरून उतरवून नाव कमावलं, त्यांच्यावर आम्ही एकेक वस्तू चढवत गेलो. मला हसू आलं आणि हसू आल्याची लाजही वाटली. त्या नारळ ठेवायला जागा शोधत होत्या. स्टेजवर टेबल नव्हतं. हातात नारळ असला की हातमोजा काढता येत नाही.

शेवटी त्यांनी नारळ अध्यक्षांच्याच हातात दिला, गुच्छ खाली ठेवला आणि माईकपाशी आल्या. "मी कथक शिकलेली नाही," त्या म्हणाल्या. "मी कॅबरे करायची. चांगला करायची." मग नवऱ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. गाणं सुरू झालं. त्यांनी उजव्या हाताच्या करंगळीचं टोक चिमटीत धरलं, मान तिरपी केली, आणि मागच्या रांगेतलं कुजबुजणंसुद्धा थांबलं. मेश्रामताई म्हणतात, सगळे बघत होते, कोणीही उठलं नव्हतं, अजून थोडा वेळ मिळाला असता तर मिसजींनी सगळ्यांना जिंकलं असतं. पण सकाळपासून धास्तावलेल्या अध्यक्षांचा धीर सुटला. त्यांनी नारळ काखेत धरला आणि खणखणीत आवाजात आरती सुरू केली.

आरती सुरू झाल्यावर मराठी माणूस बसून राहू शकत नाही. सगळे उठले, टाळ्यांचा ठेका धरला, झांजा आल्या. नवऱ्याने गाणं बंद केलं. मी बाईंकडे बघत होते. आता त्या नेहमीसारख्या निघून जातील असं मला वाटलं, आणि जाव्यात असंही वाटलं. पण त्या गेल्या नाहीत. करंगळीचं टोक सोडून त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागल्या. साटिनच्या हातांची टाळी वाजत नाही. मंत्रपुष्पांजली होईपर्यंत त्या तशाच, आवाज न होणाऱ्या टाळ्या वाजवत उभ्या होत्या. मग प्रसाद घेतला आणि तिथेच सगळा संपवला.

त्यानंतर मिसजी बदलल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. अध्यक्ष भेटले की हसून नमस्कार करायच्या. पण आमच्याकडे चहाला आल्या की कप तळापर्यंत रिकामा असायचा. फोन ठेवताना 'ठेवते गं' म्हणायच्या. एक दिवस आपण होऊन त्यांनी मंत्र्याच्या गोष्टीचा शेवटही सांगितला. मंत्री त्यांच्या कानात म्हणाला होता, "जरा सूप बदलून आणायला सांगा." एवढंच. मी जोरात हसले, पण मला तो शेवट नको होता. दिवाळीनंतर त्या एका पुडक्यात स्वेटरची दुसरी बाही घेऊन आल्या. पहिली कापलेली त्या विसरल्या होत्या. आम्ही दोघांनी ती आनंदाने घेतली आणि पुढच्या थंडीसाठी ठेवू म्हणालो. पुढची थंडी त्यांनी पाहिली नाही. न्युमोनियाने चार दिवसांत गेल्या. त्यांच्या कऱ्हाडच्या भाच्याला फोन केला, तेव्हा त्याने विचारलं, "आत्या टायपिस्ट होती ना?" मी म्हटलं, नाही, ती कॅबरे करायची. चांगला करायची. तो म्हणाला, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

थंडीचे कपडे काढायला कपाट उघडलं की ती बाही वर येते. परवा संध्याकाळी ती मी सहज हातात चढवली. कोपराच्या वरपर्यंत आली. मान तिरपी केली आणि समोरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत हळूहळू खाली ओढू लागले. मला ते जमत नाही, लोकर कुठेतरी अडकतेच. बाही मनगटापर्यंत आली आणि मी थांबले. नवरा दारात उभा होता, केव्हापासून ते माहीत नाही. त्याने हात लांब करून दिवा बंद केला.