बा हद्दूचा स्टार्टर

आमच्या अझरू गावच्या टॅक्सी अड्ड्यावर आता एकच जुनी मर्सिडीज उरली आहे. ती बा हद्दूची. अड्ड्यावरचे बाकी सगळे त्याला हसतात. हसणाऱ्यांची लायकी पुढे कळेलच.

मी या अड्ड्यावर गावांच्या नावाने हाका मारतो. खेनिफ्रा, खेनिफ्रा, एक सीट बाकी. साहित्याची पदवी घेतल्यावर मला मिळालेलं हे काम. ड्रायव्हर मला उस्ताद म्हणतात. त्यात आदर शोधू नये. बा हद्दू मला लेका म्हणतो, आणि थंडीत गाडीत बसू देतो.

ही गाडी त्याने मुलगा झाला त्या वर्षी घेतली. त्याआधी तो देवदाराचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. गाडीला काचा चार, पण त्या खालीवर करायचा दांडा एकच. तो बा हद्दूच्या खिशात असतो. मागच्या सीटवरच्याला वारा हवा असेल तर दांडा मागायचा, फिरवायचा, परत द्यायचा. परत न देणाऱ्या एकाला त्याने अर्ध्या वाटेत म्रिर्तला उतरवलेलं मी पाहिलं आहे.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं गाडीवर प्रेम आहे. मी एकदा त्याला तसं विचारलं.

"प्रेम करणारे धुतात, पुसतात, फोटो काढतात," तो म्हणाला. "मी वेळेवर तेल बदलतो."

गोष्ट साधी होती. सरकारने योजना काढली. जुनी टॅक्सी भंगारात द्या, नव्या गाडीसाठी अनुदान घ्या. उरलेली रक्कम बँक कर्जाने देणार होती. बा हद्दूसारख्या सत्तरी ओलांडलेल्याला बँक दारातूनच परत पाठवायची. म्हणजे ही गाडी थांबली की बा हद्दूही थांबला. कासाब्लांकात मुलाने त्याच्यासाठी खोली तयार ठेवली होती. पाचवा मजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचा जिना. तो एकदा दोन दिवस राहून आला होता. कसं होतं विचारलं तर म्हणाला, "तिथं म्हातारे वाळत घालतात."

बाकीच्यांनी योजनेवर उड्या मारल्या. पण एक अडचण होती. भंगाराच्या आवारात साहेबासमोर गाडी बंद करून किल्लीने पुन्हा चालू करून दाखवायची होती. चालती गाडी असेल तरच अनुदान. आणि बा हद्दूची गाडी सोडली तर आमच्या अड्ड्यावर कुणाच्याही गाडीचा स्टार्टर, म्हणजे किल्लीने इंजिन फिरवणारी मोटर, चालत नव्हता.

याचं कारण आमचा अड्डा. तो उतारावर होता. सकाळी ब्रेक सोडला की गाडी घरंगळायची, क्लच सोडला की इंजिन धरायचं. मग स्टार्टरवर खर्च कोण करणार? वर्षानुवर्षं सगळ्यांनी ते मरू दिले आणि वर स्वतःला हुशार समजत राहिले. बा हद्दू तेवढा दर हिवाळ्याआधी आपला स्टार्टर उघडून दुरुस्त करून घ्यायचा. तेव्हा मिमून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बा हद्दू, देवाने उतार फुकट दिलाय, तू का नवस फेडतोस?"

पहिला मागायला आला तो हाच मिमून. मग एकेक सगळेच. बा हद्दू पुठ्ठ्यावर आडवा व्हायचा, गाडीखाली शिरायचा, स्टार्टर काढून द्यायचा. त्या दिवशी त्याची स्वतःची फेरी बुडायची. ड्रायव्हर तो आपल्या गाडीत बसवायचा, साहेबासमोर किल्ली फिरवायचा, आणि गाडी आत सोडण्याआधी भिंतीआड काढून घ्यायचा. नेताना दोन हातांनी नेत, परत देताना एका. पुसून कुणी दिला नाही.

"का देतोस?" मी विचारलं.

"मागतात म्हणून."

"आणि हसतात ते?"

"हसायला स्टार्टर लागत नाही, लेका."

शेवटचा होता सी बेन्नासर, आमचा अमीन. अड्ड्याचा प्रमुख, भांडणं मिटवणारा, स्वतःच्या पोटाचा मान राखून चालणारा माणूस. त्या दिवशी त्याने पांढरा जलाबा, म्हणजे पायघोळ झगा, घातला होता, कारण नव्या गाडीची किल्ली घेताना फोटो निघणार होता. पांढरा जलाबा घालून गाडीखाली कोण शिरतं? त्याने गाडी तशीच सोडली. बा हद्दूचा स्टार्टर तिच्याबरोबर चेपला गेला.

संध्याकाळी त्याने ते चहाच्या टपरीवर सांगितलं. माफी मागितली नाही. म्हणाला, "बा हद्दू, वाईट वाटून घेऊ नकोस. देवाच्या खुणा असतात या. आता मुलाकडे जा, आराम कर." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांतल्या प्रत्येकाच्या खिशात नवी किल्ली होती, ती बा हद्दूमुळे मिळालेली. शब्दांचंच शिक्षण घेतलेला मी तिथं बसून माना मोजत होतो.

बा हद्दूने चहा संपवला. "बघू," म्हणाला.

त्याच आठवड्यात नगरपालिकेने अड्डा खाली हलवला. नवी फरशी, नवे खांब, आणि जमीन ताटासारखी सपाट.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपल्या गल्लीच्या उतारावर गाडी घरंगळवून चालू करून घेऊन आला आणि रांगेत सर्वांच्या पुढे लावली. इंजिन बंद केलं. मी हाका मारल्या. सहा माणसं बसली. पुढे दोन, मागे चार. बा हद्दूने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. त्याने हात मांडीवर ठेवले.

आमच्या अड्ड्यावर एक नियम आहे. ज्याचा नंबर पहिला, त्याची गाडी आधी भरणार आणि आधी सुटणार. तो सुटेपर्यंत मागच्याने एकही प्रवासी घ्यायचा नाही. दोन भावांनी यावरून एकमेकांची डोकी फोडली, तेव्हा हा नियम झाला होता. तो सी बेन्नासरने केला होता, आणि प्रत्येकाला ब्रेडवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

मागे नव्या गाड्यांची चकचकीत रांग वाढत गेली. मिमून खाली उतरला. म्हणाला, बा हद्दू, बाजूला घे. बा हद्दू म्हणाला, घेतो, स्टार्टर दे. सी बेन्नासर आला. त्याने आजचा दिवस अपवाद करू म्हटलं. लगेच मागून दोघे ओरडले की मग उद्या आमचाही अपवाद. सी बेन्नासर दोन पावलं मागे सरला. एकाला पुढे सोडलं की त्याच्या नियमाचं काय उरेल, ते त्याला इतर कुणापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मागच्या सीटवर ऑलिव्हची पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने बा हद्दूकडून दांडा मागून घेतला, काच खाली केली, दांडा परत दिला आणि डोकं बाहेर काढलं. "एवढे पुरुष उभे आहात. ढकलता की माझं लग्न लावून देता?"

त्यांनी ढकललं. मिमूनने, बाकीच्यांनी, आणि सगळ्यांच्या मधोमध सी बेन्नासरने. जलाब्याला गाडीच्या मागच्या काजळीचा मोठा पट्टा पडला. इंजिनने खोकून धरलं. बा हद्दूने मागे पाहिलं नाही. हात तेवढा वर केला, नेहमी निघताना करतो तसा.

मग रोज तेच सुरू झालं. त्याचा नंबर लागला की धक्का. पावसात धक्का, ईदच्या आदल्या दिवशी धक्का. नवी गाडी असलेली माणसं रोज सकाळी जुनी गाडी ढकलू लागली. योजना आखणाऱ्यांनी याचा विचार केला नसावा.

शेवटी एका सकाळी बा हद्दूच्या बॉनेटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टार्टर सापडला. मेक्नेसहून आणलेला, जुना पण चालता. या वेळी पुसलेला होता. कुणी ठेवला ते कळलं नाही. सी बेन्नासर दूर उभा राहून खांब न्याहाळत होता.

बा हद्दूने तो हातात फिरवून पाहिला. डिकी उघडली, स्टार्टर पोत्याखाली ठेवला, डिकी बंद केली. मग स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि हात मांडीवर ठेवले.

मी खिडकीशी वाकलो. "बसवायचा नाही का?"

"हिवाळ्यात," तो म्हणाला. "त्यांना थंडी वाजेल तेव्हा."

मी सरळ झालो आणि खेनिफ्राची हाक दिली. सहावा माणूस बसला. मागे मिमून बाह्या वर करत होता.