ठोकलेल्या बुडाची पायली

सूत्राशिवाय चहाही न पिणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, ती म्हणजे माझी भाडेकरीण. आरमोरीकडची, तिशीतली, एकटी. चामोर्शीत आमच्या बायकांच्या बियाणे गटाचं काम कॉम्प्युटरवर करायला आली आणि माझी मागची खोली घेऊन राहिली. मी चौथी शिकलेली, पण रोज जेवताना समजावून समजावून तिनं मला सूत्र म्हणजे काय ते शिकवलंच. रकान्यात उत्तर हातानं लिहायचं नाही. वरच्या घरात एकदा रीत लिहायची, की खालची सगळी घरं आपोआप भरतात. "एकाचं बरोबर, तर सगळ्यायचं बरोबर, बाई," ती म्हणायची. एकाचं चुकलं तर काय, हे मी विचारलं नाही.

तिचं बोलणंही तसंच. भाजी काय करू विचारलं तर, "वांगे असन तर वांगे, नाई तर वरण, तेही नसन तर रिकामं." सूत्रात कंस उघडला की मिटवावाच लागतो म्हणे, म्हणून ती माझे डबे, दारं, कोंबड्यांचं खुराडं, सगळं मोजून मिटवत फिरे. एकदा कोंबड्या आत जायच्या आधीच खुराडं मिटवलं. "कंस मिटला, पण आत काई नाई," मी म्हटलं. दोन दिवस हसत होती. माणशी बियाणं काढताना तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी माणसं किती?" म्हटलं, "मी एक." "बरं झालं, शून्य नाई. शून्यानं भागलं की घर लाल होते." माझ्या एकटेपणाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

गटाच्या बायका आपापल्या पायलीनं बियाण्याचं धान मोजून कोठारात टाकत. रकान्याला हवे होते किलो. एका पायलीत किती धान मावतं ते काट्यावर पाहायला तिनं माझी पायली मागितली. आमच्या घरी पायल्या दोन. एक घ्यायची, एक द्यायची. द्यायचीचं बूड सासूनं लोहाराकडून आत ठोकून घेतलं होतं, म्हणजे धान कमी मावायचं. धानकापणीची मजुरी तिनंच मोजली जायची. घ्यायची पायली माळ्यावर होती, मला चढायचा कंटाळा आला. हाताशी होती ती दिली. काट्यावर ठेवली तेव्हाच मला कळलं, आकडा कमी येणार. पण बोलायचं म्हणजे सासूची करणी सांगायची, आणि चाळीस वर्षं मीही त्याच पायलीनं मजुरी मोजली होती. मी पायली रिकामी करून परत घेतली.

पेरणीच्या तोंडावर बियाणं परत दिलं ते काट्यानं, रकान्याप्रमाणे. बायकांनी घरी नेऊन मोजलं तर प्रत्येकीचं कमी, आणि कोठारात पोती उरलेली. "हे कोणासाठी ठेवून राह्यल्या, मॅडम?" एकीनं सगळ्यांसमोर विचारलं. भाडेकरणीनं उरलेलं त्याच दिवशी वाटून टाकलं. तो प्रश्न मात्र तिच्या अंगावर राहिला.

चार दिवस ती बोटांवर कंस मोजत बसली. मी चहा नेला. "काऊन एवढं शोधून राह्यली? सोड आता."

"सोडू कसं, बाई? लोक मले चोर समजून राह्यले. आन् चूक तर सापडत नाई."

"पायली..." मी म्हटलं.

"पायलीचं राहू द्या. तुमच्या घरची होती, म्हणून तो एकच आकडा मी दुसऱ्यांदा पाह्यला नाई. तो पक्का आहे."

मी रिकामा कप उचलला आणि आत गेले.

महिना भरला तशी ती गटाला "चूक माझीच" असं सांगून गेली. जाताना माझे सगळे डबे मोजून मिटवले. आता खुराडं मीच मिटवते, कधी विसरते.

मागच्या बाजाराच्या दिवशी तिचा फोन आला. "बाई, ते चूक अजून सापडली नाई. तुमाले काई आठवलं तर सांगजा."

"सांगीन," मी म्हटलं. तिचा नंबर दाराच्या मागं खडूनं लिहिलेला आहे. दार रोज उघडते, रोज लावते. फोन अजून लावलेला नाही.