पीतांबराचा पिवळा

जोह्याला पोचलो तेव्हा अंगणाअंगणात गणपती वाळत होते. पेणजवळचं हे गाव. घरोघरी मूर्तींचे कारखाने, मागे भातशेती. मी साताऱ्याहून स्वतःची पिकअप घेऊन कोकण बघायला निघालेला. वाटेत भाडं मिळालं तर डिझेलही सुटेल, एका दगडात दोन पक्षी!

तिथल्याच एका कारखान्याच्या मालकीण मालनताई, त्यांच्या मूर्ती रोह्याला जायच्या होत्या. नेहमीचा टेम्पोवाला आजारी, आणि आज माल आला नाही तर दुसरीकडून घेतो, असा दुकानदाराचा निरोप.

“पण नंबराची पाटी पांढरी हाय, दादा. भाड्याच्या गाडीला पिवळी असते ना?”

“परवाना झालाय, फक्त पाटी यायचीय,” मी ठोकून दिलं. ताई एका मूर्तीचा पीतांबर रंगवत होत्या. तो पिवळा बघून मला नको ती अक्कल सुचली. “तोवर तुमचाच हात फिरवा की पाटीवर.”

“पाण्यानं निघंल हां,” म्हणत त्यांनी आकडे सांभाळून दोन्ही पाट्या सुबक रंगवल्या.

वडखळला गाडीतच जेवलो. ताईंनी तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) आणलं होतं. इतकं चवदार बिरडं मी कधी खाल्लं नव्हतं आणि तसं मोठ्यानं सांगितलंही. नागोठण्याला अंबा नदी दुथडी भरलेली, वर झोडपणारा पाऊस. ताडपत्रीखाली गणपती कोरडे होते.

गावाबाहेर आरटीओची गाड्यांची तपासणी चालली होती. साहेबांनी पाटीवर बोट फिरवलं आणि पिवळं झालेलं बोट मला दाखवलं.

“गाडीचं लग्न ठरलंय का? हळद लागलीय.”

मी तोंड उघडायच्या आधी ताईच खाली उतरल्या. “साहेब, परवाना हाय त्यांचा. नुसती पाटी यायचीय.”

“दाखवा.”

दाखवायला काही नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“खासगी गाडीत भाड्याचा माल चालत नाही. मालवाहू नोंदणी नाही, परमिट नाही, फिटनेस नाही,” साहेब म्हणाले. “आणि गाडी उलटली असती तर ह्या बाईंना कुठला विमा मिळाला असता?”

हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ताई माझ्याकडे बघेनात.

दंड भरला. जवळच्या निडी गावाहून पिवळ्या पाटीचा टेम्पो आला. भर पावसात एकेक मूर्ती हलवली. ताई प्रत्येकीवर छत्री धरून उभ्या, स्वतः चिंब. त्या टेम्पोत बसल्या आणि मी रिकामी गाडी घेऊन मागोमाग रोह्याला गेलो.

दुकानदारानं माल घेतला, भिजलेली एक मूर्ती सोडून. ताई दुकानाच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून तोच पिवळा काढला आणि ओघळलेला पीतांबर नीट करू लागल्या. मी माफी मागितली.

“साहेबांसमोर मी खोटी पडले, दादा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आणि मागं गणपती बसलेले.”

साताऱ्याला परतल्यावर नुसतं फिरायला परवाना लागत नसला तरी गाडी बरेच दिवस अंगणातच उभी ठेवली. पाटीवरच्या आकड्यांच्या कडांत अजून पिवळा आहे. कोकण कसं होतं, असं सगळे विचारतात. बिरडं सांगतो, भरलेली नदी सांगतो. नागोठण्याच्या पुढचं आज पहिल्यांदाच सांगितलं.